बोअर कोरडी गेली, पाण्याचं उत्तर बिल्डिंगमध्येच होतं: मिळून निर्णय नेमके घ्यायचे कसे?

गच्चीवरून
रविवार, १ जून, रात्री ९:४०

बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून धागा काढतोय. थोडं लांबणार आहे.

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरात आहे, ९६ फ्लॅटची. फेब्रुवारी सरला की टँकर सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी टँकरचा खर्च डोईजड झाला, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच, पाण्याचं काय करायचं. साठेक सभासद आले. आमच्याकडे एवढी माणसं सभेला येणं म्हणजे खूपच.

अध्यक्षांनी विषय वाचला आणि सगळ्यांच्या माना सी विंगमधल्या एका काकांकडे वळल्या. काकांचं सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलेलं. माणूस सज्जन, अभ्यासू, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. ते म्हणाले, "दुसरी बोअर घेऊ. पाचशे फुटांच्या आत पाणी लागेल." त्यानंतर जो जो उठला तो बोअरबद्दलच बोलला. कुठे घ्यायची, केसिंग किती, पाणाड्याला बोलवायचं की यंत्रवाल्याला. बोअर घ्यायची का, हे कुणी विचारलंच नाही. पाऊण तासात हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. माझाही हात वर होता.

पाच आठवडे पाणी आलं. मग नुसती हवा. घरटी काढलेली वर्गणी जमिनीत गेली.

खरी गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात कळली. मी रात्रपाळीहून पहाटे तीनला घरी आलो तर गेटपाशी ओल होती. वॉचमनदादांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, हे रोजचंच. कॉर्पोरेशनचं पाणी रात्री दीडला येतं. खालची टाकी भरली की पहाटेपर्यंत वाहत राहतं." टाकीचा बॉलकॉक अडकलेला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडलेला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मला रोज झऱ्यासारखा आवाज येतो, मला वाटलं असंच असतं." प्लंबरला बी विंगच्या पाइपमधली गळती माहीत होती. जिना झाडणाऱ्या मावशींना कुठल्या गच्चीवरची टाकी कधी वाहते ते ठाऊक होतं. दिवसाआड टँकर घेत होतो आणि आलेलं पाणी रोज गटारात सोडत होतो.

चौघांकडे चार तुकडे होते. त्यांतलं सभेला कुणीच नव्हतं. वॉचमन आणि मावशी सभासद नाहीत, आजींना जिना चढवत नाही आणि प्लंबरला कुणी विचारलं नाही.

मला याहून जास्त लागली ती दुसरी गोष्ट. ए विंगमधल्या एक बाई भूगोल शिकवतात. शेजारच्या तीन सोसायट्यांच्या बोअर आटल्यात हे त्यांना माहीत होतं, आणि त्या सभेला हजर होत्या. नंतर म्हणाल्या, "काका एवढं ठामपणे बोलले, मला वाटलं त्यांनी बघितलं असेल." काकांना विचारलं तर ते म्हणाले, "कुणीच हरकत घेतली नाही, मला वाटलं सगळ्यांना पटलंय."

साठ माणसं एकत्र बसली आणि निर्णय एकाच माणसाचा झाला, तोही त्याच्या नकळत. दोष मी कुणाला देत नाही. पण पुढच्या वर्षी टाक्या, मीटर, पावसाचं पाणी साठवणं असे मोठे विषय यायचेत. जिथं माणसं मिळून खरोखर चांगले निर्णय घेतात, तिथं ती नेमकं काय करतात? तुमच्या पाहण्यातलं सांगा.

---

गणितमास्तर
रविवार, १ जून, रात्री ११:०५

तुमच्या सभेत जे झालं त्याचं गणित जुनं आहे.

१९०६ साली इंग्लंडात प्लिमथला जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एका बैलाचं, तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, हे ओळखायची पैज होती. सहा पेन्सचं तिकीट, त्यावर आपला आकडा लिहायचा आणि द्यायचा. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं ती तिकिटं नंतर मागून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ होती. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधला १२०७ पौंड आला. प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. नंतर सरासरी काढली तर ती ११९७. १९०७ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं.

ही गोष्ट सांगताना लोक 'गर्दी शहाणी असते' एवढं सांगून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. त्या तिकिटांकडे नीट बघा. प्रत्येकानं आपला आकडा एकट्यानं लिहिला होता, शेजाऱ्याचा न ऐकता. चुकायचं तर खिशातले पैसे जायचे, म्हणून उगाच कुणी लिहिलं नाही. लिहिणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते आणि नुसते बघे होते. कुणी वर चुकला, कुणी खाली चुकला. चुका वेगवेगळ्या दिशांना गेल्या म्हणून एकमेकींना खाऊन टाकल्या.

तुमच्या काकांनी पहिलं वाक्य उच्चारल्याबरोबर सगळ्या चुका एकाच दिशेला वळल्या. मग साठ माणसं असोत की सहाशे, उत्तर सुधारणार नाही.

मी आठवीच्या वर्गात बरणीत चिंचोके भरून ठेवतो. एका तुकडीत चिठ्ठ्यांवर आकडे लिहायला लावतो, दुसऱ्या तुकडीत एकेकाला उभं करून मोठ्यानं सांगायला लावतो. दुसऱ्या तुकडीत पहिला मुलगा जर 'पाचशे' म्हणाला, तर शेवटच्या बाकापर्यंत सगळे पाचशेच्या आसपास घुटमळतात. हुशार मुलं जास्तच.

कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ मध्येच मांडून ठेवलंय की प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असेल आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे मत देत असेल, तर माणसं वाढवत नेली की बहुमत जवळजवळ नक्की बरोबर येतं. तीच शक्यता निम्म्याहून थोडी कमी असेल तर माणसं वाढवली की बहुमत जवळजवळ नक्की चुकतं. हे दुसरं टोक फारसं कुणी सांगत नाही.

---

गच्चीवरून
सोमवार, २ जून, सकाळी ७:१५

मास्तर, चिंचोक्यांचं वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका आहे. बैलाचं वजन हा एक आकडा आहे. आमचा प्रश्न आकड्याचा नव्हता. 'काय करायचं' याची सरासरी कशी काढायची?

---

गणितमास्तर
सोमवार, २ जून, सकाळी ७:५०

नाही काढता येत. ती माझ्या विषयाची हद्द आहे. मी एवढंच सांगू शकतो की आधी लिहून घ्या, मग बोला. पुढचं ज्यांनी गावं बघितलीत त्यांनी सांगावं.

---

रानवाट
सोमवार, २ जून, रात्री १०:३०

मी काही वर्षं गडचिरोलीत काम केलंय, म्हणून मेंढा (लेखा) बद्दल लिहिते. धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं लहान गाव, शंभराच्या आसपास घरं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू कुणाचा, यावरून वन खात्याशी लांबलचक लढा चालला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं.

बातम्यांमध्ये इतकंच येतं. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. हे गाव निर्णय घ्यायला कसं बसतं ते.

तिथं दोन बैठका असतात आणि त्या कधी एकमेकींत मिसळत नाहीत. एक अभ्यास गट. दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात ज्याला वाटेल त्यानं यावं, बाहेरचा माणूसही चालतो. विषय धरून बसायचं, कायदा वाचायचा, जंगलात जाऊन बघायचं, जाणकाराला बोलवून प्रश्न विचारायचे. पण अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. हा नियम कडक. निर्णय ग्रामसभेचा, आणि तिथं बाहेरच्याला जागा नाही. घरटी एक बाई आणि एक पुरुष यावा अशी अपेक्षा असते.

सुरुवातीला मला हे वेळखाऊ वाटलं होतं. हळूहळू लक्षात आलं की अभ्यासात निर्णय नसतो म्हणून तिथं कुणाला जिंकायचं नसतं. आपण चुकीचं बोललो तर काय, ही भीती नसते. तज्ज्ञ येतो, माहिती देतो आणि निघून जातो. त्याच्या शब्दावर लगेच हात वर होत नाहीत, मध्ये दिवस जातात. माणूस घरी जाऊन बायकोशी बोलतो, मोहाखाली बसून शेजाऱ्याशी बोलतो. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही अभ्यास गटाची कल्पना गावाबरोबर अनेक वर्षं राबवली आणि देवाजी तोफांसारख्या गावातल्या माणसांनी ती पेलली. मधमाश्या न मारता, पोळं उद्ध्वस्त न करता मध कसा काढायचा, हाही अभ्यासाचा विषय झाला होता.

ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाची जरी खरी हरकत असली तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. हरकत घेणाऱ्याला काहीतरी दिसतंय जे आपल्याला दिसलेलं नाही, असं धरूनच गाव चालतं. माझ्यासमोर एक विषय तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा ठरला तेव्हा ठरावाची अंमलबजावणी कोण करणार हे विचारावंच लागलं नाही.

गच्चीवरून, तुमच्या पाऊण तासात अभ्यास आणि निर्णय एकाच सभेत उरकले गेले. मला तर तिथंच पाणी मुरलेलं दिसतं.

---

ओटीवरून
मंगळवार, ३ जून, दुपारी १:२०

रानवाट, फार सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली.

---

जात्यावरची
मंगळवार, ३ जून, रात्री ९:००

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात वाढले, अजून तिथं जाऊन-येऊन असते. 'सर्वसहमती' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. का ते सांगते.

जातपंचायतीचे निर्णयही एकमतानंच व्हायचे. 'गावानं ठरवलं' या तीन शब्दांनी माणसांची चूल, पाणवठा, सोयरीक तोडलेली आहे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला, तो काय उगीच? एकमत दिसतं तिथं पुष्कळदा गप्प बसवलेली माणसं असतात. आमच्या ग्रामसभेत बाया भिंतीला टेकून, पदर ओढून बसायच्या. इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं जायचं.

माझ्या पाहण्यातला चांगला निर्णय दारूबंदीच्या मतदानात झाला. दुकान बंद करायचं तर गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. सभेत नवऱ्यासमोर, दिरासमोर, दुकानदाराच्या माणसांसमोर जी बाई तोंड उघडत नव्हती, तिनं पडद्याआड शिक्का मारला. मतमोजणी झाली तेव्हा बायकाच एकमेकींकडे बघत राहिल्या. आपण इतक्या जणी आहोत हे आम्हालाच माहीत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की जिथं माणसं एकमेकांना भितात, तिथं आधी गुप्त चिठ्ठी. खुली चर्चा त्यानंतर. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आपल्याकडे आहे, तो याच अनुभवातून आलाय. नियम कागदावर राहतो ते सोडा. जिथं ती सभा खरी होते तिथं पुढची ग्रामसभा बदललेली मी बघितलीय. शौचालय, रेशन, शाळेची वाट, असले विषय वर येतात.

---

रानवाट
मंगळवार, ३ जून, रात्री १०:४५

जात्यावरची, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की जातपंचायतीत हरकत घेणाऱ्याला शिक्षा होते, मेंढ्यात हरकत घेतली की निर्णय थांबतो. दोन्हीकडे शेवटी 'एकमत' लिहिलं जातं, पण आतली तऱ्हा उलटी. शिवाय मेंढ्यातली घरं जमिनीनं, पैशानं एकमेकांपासून फार लांब नाहीत. जिथं एकाकडे शंभर एकर आणि दुसरा त्याच्याकडे सालगडी, तिथं तीच पद्धत उचलून नेली तर तुम्ही म्हणता तेच होईल.

---

पांझराकाठ
बुधवार, ४ जून, रात्री ८:१०

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पाण्याचा विषय निघालाय तर फड पद्धतीबद्दल लिहायलाच हवं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर तीनेकशे वर्षं चाललेली रीत आहे.

नदीवर दगडी बंधारा. त्यातून पाट. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, त्या प्रत्येकाला फड म्हणायचं. एका फडात त्या साली एकच पीक. एका फडात ऊस, एकात हंगामी पीक, एक पडीक ठेवायचा, असं आलटून पालटून. कुठल्या फडात काय घ्यायचं हे सगळे मिळून ठरवायचे, नदीत किती पाणी दिसतंय ते बघून. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पाटावर राखण करायला जागल्या.

यातली खरी अक्कल मला नोकरीत दहा वर्षं बैठका करून झाल्यावर कळली. बहुतेक शेतकऱ्यांचा प्रत्येक फडात एकेक तुकडा असायचा. त्यामुळे कमी पावसाच्या साली 'यंदा या फडाला पाणी नाही' असं ठरलं तरी नुकसान सगळ्यांचंच थोडं थोडं. कुणाचंच अख्खं शेत जात नव्हतं. मग भांडायचं कुणी? 'माझ्या शेताला पाणी' हा प्रश्नच उरायचा नाही. 'नदीत पाणी किती आहे' हा उरायचा, आणि त्याचं उत्तर शोधायला सगळ्यांचे डोळे कामाला लागायचे. कुणी वरच्या अंगाला जाऊन डोह बघून यायचा, कुणी झऱ्याची धार.

वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि विजेचे पंप आले. ज्याची विहीर भरली त्याला फडाच्या बैठकीला यायचं कारण उरलं नाही. एकेक माणूस उठून गेला आणि बैठक बसायची थांबली. काही बंधाऱ्यांवर पद्धत अजून तग धरून आहे. माझ्या आजोबांच्या फडावर आता ज्याला जे वाटेल ते पीक आहे, आणि मे महिन्यात पाण्याचा टँकर आहे.

तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यांना कमी पाणी येतं आणि खालच्यांना भरपूर, असं असेल तर सभा कितीही नीट घ्या, खालचे गप्प बसतील. आधी ते बघा.

---

छावणी
बुधवार, ४ जून, रात्री ९:३५

थोडक्यात लिहितो. मी सैन्यात अधिकारी होतो, आता साताऱ्यात असतो. लष्करी न्यायालयात सदस्यांनी मत देताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यानं आधी बोलायचं आणि तिथून वर चढत जायचं, असा लेखी नियम आहे. मी असा कनिष्ठ म्हणून बसलेलो आहे. आधी बोलावं लागणार हे माहीत असल्यामुळे प्रत्येक साक्ष कान देऊन ऐकली. शेवटी बोलायचं असतं तर साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो असतो.

तुमच्या सभेत काकांना शेवटी बोलायची विनंती करा. ते सज्जन आहेत म्हणता, नाही म्हणणार नाहीत.

---

आल्प्सच्या_पायथ्याशी
शनिवार, ७ जून, दुपारी ४:००

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून लिहितोय. जवळच्या ग्लारुस या कँटनमध्ये, म्हणजे इथल्या एका राज्यात, दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे मतदार उघड्या चौकात जमतात. हात वर करून कायदे करतात, कर ठरवतात. यंदा मी कडेला उभा राहून बघून आलो. परदेशी माणसाला मत नाही, पण बघायला मिळतं.

२००६ च्या सभेत लहान लहान गावांच्या स्थानिक संस्था एकत्र करायचा विषय होता. तिथं २५ होत्या. सरकारनं अभ्यास करून १० करायचा प्रस्ताव ठेवला होता. चौकातून एक साधा नागरिक उठला आणि म्हणाला, तीनच करा. चर्चा झाली, हात वर झाले, तीन ठरलं. तिथल्या सरकारलाही हे अपेक्षित नव्हतं. पुढच्या वर्षी खास सभा बोलावून पुन्हा विचारलं की खरंच हेच हवंय का. लोक म्हणाले, हो. २०११ पासून तिथं तीनच आहेत.

हे वाचून 'बघा, घाई झाली' असं वाटेल. पण सभेच्या आधी घरोघरी विषयांची पुस्तिका पोचते. प्रत्येक प्रस्ताव, त्याची कारणं, खर्च, सगळं त्यात असतं. माझ्या ऑफिसमधल्या तिकडच्या एका बाई सांगतात की सभेच्या आधी महिनाभर जेवणाच्या टेबलावर तोच विषय असतो. २००७ मध्ये तिथं मतदानाचं वय १६ केलं, त्यामुळे त्या टेबलावरची पोरंही बोलतात. म्हणजे रानवाट म्हणतात तसा अभ्यास आधी होतो, घरात होतो.

आणि जात्यावरची म्हणतात तेही इथं खरं आहे. अशीच सभा आपेनझेल इनररोडन या कँटनमध्ये भरते. तिथल्या पुरुषांनी एप्रिल १९९० मध्ये हात वर करून ठरवलं की बायकांना मत द्यायचं नाही. त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नकार मोडून काढला. शतकानुशतकं जपलेली पद्धत, खुला चौक, समोरासमोरची चर्चा, सगळं होतं. ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्याच चौकाबाहेर होत्या.

---

गच्चीवरून
शनिवार, ७ जून, रात्री ११:३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत की दोनदा वाचून काढलं, वहीत उतरवून घेतलं.

पांझराकाठ, तुमचा नेम बरोबर बसला. आमच्याकडे पहिल्या तीन मजल्यांना पाणी कधीच कमी पडत नाही. त्या सभेला आलेले निम्मे लोक वरच्या मजल्यांचे होते आणि खालचे आले ते वर्गणी किती बसेल एवढं ऐकायला. मी हे दोन वर्षांत एकदाही असं बघितलं नव्हतं.

कार्यकारिणीपुढे विषय ठेवतोय. ठरलं तसं कळवतो.

---

नायगावकर_नव्हे
रविवार, ८ जून, सकाळी १०:१०

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला एकदा जाऊन या, तुम्हाला पुण्याहून लांब नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, एका कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. खर्चातला आपला हिस्सा आधी भरायचा.

निर्णय कसा घ्यायचा याइतकंच कशावर मोजायचं हे महत्त्वाचं, असं मला ते बघून वाटलं. माप बदललं की कोण बोलतो तेही बदलतं. भूमिहीन माणूस पाण्याच्या बैठकीत हक्कानं बसलाय, हे दुसरीकडे कुठं दिसायचं?

---

गच्चीवरून
रविवार, १४ सप्टेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतोय. कळवतो म्हणालो होतो.

आधी चिठ्ठ्या काढल्या. घरोघरी कागद दिला, नाव लिहायचं नाही, आठ दिवसांनी पेटीत टाकायचा. ७१ घरांचे कागद आले. वॉचमनदादा, मावशी आणि प्लंबर यांच्याशी मी आणि भूगोलाच्या बाई बसून बोललो, त्यांचं म्हणणं आम्ही लिहून घेतलं. मग अभ्यास गट केला. तीन रविवार गच्चीवर बसलो, ज्याला यायचं त्यानं यावं, ठराव करायचा नाही. पहिल्या रविवारी अकरा जण होते, तिसऱ्याला तीसेक. आजींना त्यांच्या नातवानं खुर्चीसकट वर आणलं.

बॉलकॉक आणि बी विंगची गळती, ही दोन कामं तर कुणाचा विरोध असायचं कारणच नव्हतं. ती लगेच झाली. आलेलं पाणी आणि खर्चलेलं पाणी याची वही सुरू केलीय. रोज सकाळी सहाला मीटर वाचायचं काम सी विंगच्या काकांनी स्वतःहून घेतलं. सभेत शेवटी बोलाल का, असं त्यांना विचारायला गेलो तेव्हा अर्धा तास मला शब्द सापडत नव्हते. ते ऐकून म्हणाले, "मला आधीच सांगायला हवं होतंत. त्या बोअरची बोच मलाही आहे."

जिथं अडलो ते सांगतो. फ्लॅटप्रमाणे पाण्याची मर्यादा ठरवायची आणि वर वापरलं तर जास्त आकार, असा प्रस्ताव ऑगस्टच्या सभेत आला. सगळ्यांना पटला होता. ए विंगमधल्या एका ताईंनी हात वर केला. त्यांच्या वन बीएचकेमध्ये सहा माणसं, त्यांत एक अंथरुणाला खिळलेले सासरे. शेजारच्या थ्री बीएचकेमध्ये दोन माणसं. मर्यादा दोघांना सारखी. दोन वर्षांपूर्वीची सभा असती तर त्यांचा एक हात मोजून 'बहुमतानं मंजूर' लिहिलं असतं. या वेळी विषय पुढे ढकलला. काही जण चिडले, अजून चिडलेले आहेत. आता घरटी माणसं मोजून मर्यादा ठरवायचं चाललंय. नायगावकर_नव्हे, तुमचा प्रतिसाद मी त्या बैठकीत वाचून दाखवला. पण भाडेकरू धरायचे का, महिनाभर येऊन राहिलेल्या लेकीचं बाळंतपण कसं धरायचं, यावर गाडी अडलीय. अजून ठरलेलं नाही.

---

जात्यावरची
रविवार, १४ सप्टेंबर, रात्री १०:२०

वाचून फार बरं वाटलं. बाळंतपणाचा प्रश्न गच्चीवर निघाला म्हणजे बायका बोलताहेत.

चिठ्ठीवर काय विचारलं होतं ते इथं टाकाल का? आमच्या बचत गटात वापरायचंय.

---

गच्चीवरून
रविवार, १४ सप्टेंबर, रात्री १०:५५

ताई, तीनच प्रश्न होते. तुमच्या घरात पाणी कधी आणि किती कमी पडतं? पाणी वाया जाताना तुम्ही कुठं बघितलंय किंवा ऐकलंय? आणि तिसरा भूगोलाच्या बाईंनी घातलेला: सभेत बोलायचं राहून गेलेलं काही आहे का?

तिसऱ्या प्रश्नाखाली सर्वांत जास्त लिहून आलं. मावशींना आम्ही तोंडी विचारला. त्या म्हणाल्या, "डी विंगची वरची टाकी गुरुवारी वाहते, पंप बंद करणारा पोरगा गुरुवारी देवळात जातो." आम्ही तिघं जिना चढून गुरुवारी बघायला गेलो. वाहत होती.